हाताला कळणारी नोट

नाशिकरोडला ‘मुलगा प्रेसमध्ये आहे’ एवढं सांगितलं की स्थळाची पुढची चौकशी कुणी करत नसे, असा एक काळ होता. १९२८ साली इथल्या करन्सी नोट प्रेसमध्ये नोटांची छपाई सुरू झाली. तोवर हिंदुस्थान सरकारच्या नोटा इंग्लंडमध्ये छापून बोटीनं येत. आमच्या आळीतले कितीतरी जण प्रेसच्या भोंग्यावर घराबाहेर पडायचे. पण प्रेसवाल्यांची शिस्त कडक. आतल्या कामाचं अवाक्षर घरी काढायचे नाहीत. त्यामुळे नोटा छापल्या जात होत्या त्या गावात वाढूनही नोट म्हणजे काय, हे मला कळलं ते बँकेत लागल्यावर, आमच्या शाखेच्या हेड कॅशियरकडून. सगळी शाखा त्यांना तात्या म्हणायची. माझ्या नोकरीला, आणि नोकरीपेक्षाही माणसांकडे बघण्याच्या माझ्या रीतीला, त्यांनी जे वळण लावलं ते लिहून ठेवायचं फार दिवस मनात होतं.

मी कॅशवर बसले तेव्हा मोजणी हातानंच चालायची. ओला स्पंज, रबरी शिक्के, गड्ड्यांना बांधायच्या कागदी पट्ट्या आणि समोर पिंजऱ्याची जाळी. तात्यांनी मला मोजायला नंतर शिकवलं. आधी म्हणाले, “ताई, नोट पहिल्यांदा हाताला विचारायची, मग डोळ्याला. डोळा घाईत असतो.” त्यांनी एक कोरी शंभराची नोट माझ्या हातात दिली, डोळे मिटायला लावले आणि अंगठा सावकाश फिरवायला सांगितला.

नोटेचा कागद लाकडाच्या लगद्याचा नसतो, कापसाचा असतो, हे मला त्या दिवशी कळलं. म्हणून तो खिशात घडी होऊन, घामात भिजून, हजार हातांतून फिरूनही टिकतो, आणि झटका दिला की त्याचा आवाज वेगळा येतो. अतिनील दिव्याखाली साधा छपाईचा कागद पांढराशुभ्र उजळतो. नोटेचा कागद काळोखातच राहतो आणि त्यात विखुरलेले बारीक तंतू व नंबर तेवढे चमकतात. वॉटरमार्कही छापलेला नसतो. कागद ओला असतानाच त्याची जाडी कमीजास्त करून ते चित्र त्याच्या अंगात उतरवतात, म्हणून उजेडासमोर धरल्यावर ते छायाप्रकाशात उमटतं. नकली नोट करणारा तिथं फिकट शाईनं चित्र काढतो, आणि ते उजेडात न धरताच दिसतं. तात्या म्हणायचे, “जे सहज दिसतंय, त्याच्याबद्दल आधी शंका घ्यायची.”

पण त्यांचा खरा जीव होता उठावाच्या छपाईवर. धातूच्या पत्र्यावर रेषा खोल कोरतात, त्या खाचांत शाई भरतात आणि प्रचंड दाबाखाली कागद त्या खाचांत ढकलतात. शाईबरोबर कागदही वर उचलला जातो. गांधीजींचं चित्र, अशोकस्तंभ, रिझर्व्ह बँकेचं नाव, गव्हर्नरांची सही, हे सगळं बोटाला लागतं ते त्यामुळे. यंत्रावर हुबेहूब रंग काढता येतो, हा उठाव काढणं अवघड असतं. तात्या नोट मोजताना त्यांचा अंगठा त्या उठावावरून जायचा. गप्पा मारता मारता त्यांचा हात मध्येच थबकायचा आणि एक नोट गड्डीतून बाजूला यायची. मी कितीदा तरी त्यांच्या हातांकडेच बघत बसायची.

१९९६ साली महात्मा गांधी मालिकेच्या नोटा यायला लागल्या. नवा वॉटरमार्क, कागदातून मध्येमध्ये वर डोकावणारा सुरक्षा धागा, नोट डोळ्यांच्या पातळीला आडवी धरल्यावर दिसणारा लपलेला आकडा. आम्ही सगळे ते कौतुकानं बघत होतो. तात्या मात्र वॉटरमार्कच्या डावीकडच्या एका लहानशा उठावावर बोट ठेवून बसले होते. विसाच्या नोटेवर उभा आयत, पन्नासच्या नोटेवर चौकोन, शंभराच्या नोटेवर त्रिकोण, पाचशेच्या नोटेवर वर्तुळ. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी केलेल्या खुणा. “मास्तरांना बोलवायला पाहिजे,” एवढंच ते म्हणाले.

मास्तर म्हणजे आमचे एक अंध खातेदार. वेताच्या खुर्च्या विणायचे. तोवर ते नोटा लांबीवरून ओळखत. जुन्या मापात शंभराची नोट १५७ मिलिमीटर लांब, पाचशेची १६७. दोहोंत १० मिलिमीटरचा फरक. बोटांच्या पेरांवर धरली की त्यांना कळायचं. ते आले तेव्हा तात्यांनी पिंजऱ्यातून बाहेर येऊन त्यांच्या शेजारी बसून प्रत्येक खूण त्यांच्या बोटाखाली दिली. मास्तरांनी खुणा भराभर ओळखल्या. मग तात्यांनी चलनातली एक मळकी, मऊ झालेली शंभराची नोट दिली. मास्तरांनी ती बराच वेळ चाचपली आणि म्हणाले, “साहेब, ह्या नोटेवर काहीच नाही.”

त्रिकोण होता. हातोहाती झिजून सपाट झाला होता. आपल्याला मळकी नोट नुसती मळकी दिसते, पण मास्तरांच्या हातात ती कोरा कागद होते. त्या दिवसापासून आमच्या शाखेत नोटा निवडण्याच्या कामाला वेगळाच अर्थ आला. इश्यूएबल आणि नॉन-इश्यूएबल, म्हणजे पुन्हा द्यायच्या आणि न द्यायच्या, अशा दोन ढिगांत नोटा टाकणं हे कॅशवरचं सगळ्यांत कंटाळवाणं काम. संध्याकाळी जो तो ते उरकायला बघायचा. तात्या ते कधी उरकत नसत. मास्तरांची बँकेत यायची तारीख जवळ आली की ते चांगल्या उठावाच्या नोटा काढून वेगळ्या ठेवायचे, आणि मळक्या नोटा काउंटरवरून पुन्हा बाहेर जाऊ द्यायचे नाहीत.

त्या काळी गड्ड्यांना तारेची पिन मारायची पद्धत होती. पिन काढताना नोट फाटायची आणि वॉटरमार्कच्या खिडकीवर भोकं पडायची. त्याच मोकळ्या जागेत लोक पेनानं हिशेब लिहायचे. तात्यांनी ह्यावर वरच्या ऑफिसला पत्रं लिहिली. सुवाच्य अक्षरात, कारणांसह, वारंवार. उत्तर आलं नाही तरी पुढचं पत्र जायचं. १९९९ मध्ये रिझर्व्ह बँकेनं स्वच्छ नोटांचं धोरण आणलं आणि २००१ मध्ये गड्ड्यांना पिना मारणं बंद करायचे आदेश आले, त्या दिवशी त्यांनी पिना मारायचं यंत्र उचलून कपाटात ठेवलं आणि कागदी पट्ट्यांचा नवा गठ्ठा स्वतः सोडला.

त्यांच्याकडून शिकलेली सगळ्यांत मोठी गोष्ट मात्र एका बाजाराच्या दिवशी घडली. आमच्या भागातली एक शेतकरी बाई टोमॅटोचे पैसे भरायला आली. त्यात एक पाचशेची नोट खोटी निघाली. नियम स्पष्ट असतो. खोटी नोट परत द्यायची नाही, तिच्यावर शिक्का मारायचा, जप्त करायची आणि पावती द्यायची. भरपाई मिळत नाही. तात्यांनी शिक्का मारला. बाईंचा चेहरा उतरला. रांगेतल्या माणसांच्या नजरा बदललेल्या मलाही जाणवत होत्या.

“सायेब, म्या न्हाई वो केली ही. बाजारात भेटली मला.”

“मावशी, तुम्ही केली असं कोण म्हणतंय? तुमची फसवणूक झालीय,” तात्या मोठ्यानं म्हणाले. सगळ्या रांगेला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. मग काउंटर माझ्याकडे सोपवून ते बाहेर गेले, बाकावर मावशींच्या शेजारी बसले आणि खिशातली स्वतःची पाचशेची नोट त्यांच्या हातात दिली. वर्तुळाची खूण दाखवली, वॉटरमार्क उजेडात धरायला लावला. धाग्यापाशी आल्यावर मावशी स्वतःच म्हणाल्या, “लुगड्याच्या काठात जर असती तशी हाय की ही. इणलेली हाय, वरून लावलेली न्हाई.” तात्यांनी मान डोलावली. इतकं नेमकं मला पुस्तकातून कुणी सांगितलं नव्हतं.

पुढच्या बाजाराला त्या आल्या तेव्हा बरोबर आणखी तिघी होत्या. “ह्यांनाबी दावा सायेब.” तात्यांनी दाखवलं. हळूहळू तो आमच्या शाखेचा रिवाजच झाला. २००० च्या अखेरीस पाचशेच्या नोटेचा आकडा तिरका धरला की हिरव्याचा निळा दिसू लागला, तेव्हा तो बघायला बायका आपणहून यायच्या.

तात्यांनी त्या दिवशी जे केलं त्याला कुठल्या परिपत्रकात जागा नव्हती. नियम त्यांनी तंतोतंत पाळला आणि माणसाची मानही खाली जाऊ दिली नाही. ह्या दोन गोष्टी एकाच वेळी करता येतात, हे मी डोळ्यांनी बघितलं म्हणून पुढं मला ते जमलं. नोटेवर गव्हर्नरांची सही असते, धारकाला पैसे द्यायचं वचन असतं. १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झालेले आपले चिंतामणराव देशमुख यांचीही सही त्या वचनाखाली उमटली होती, ह्याचा तात्यांना फार अभिमान. ते म्हणायचे, “सही मुंबईत होते ताई, वचन मात्र आपल्या खिडकीत पाळावं लागतं.”

नोव्हेंबर २०१६ नंतर नव्या मालिकेच्या नोटा आल्या. तात्या निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. प्रत्येक नवी नोट मी त्यांच्याकडे घेऊन जायची. पाचशेवर लाल किल्ला, दोनशेवर सांचीचा स्तूप, शंभरावर राणी की वाव, आणि २०१९ साली हिरवट पिवळ्या विसाच्या नोटेवर आपलं वेरूळ. वेरूळ बघून ते खुलले. मग त्यांनी पट्टी मागवली. शंभराची नोट १४२ मिलिमीटर, दोनशेची १४६, पाचशेची १५०. “दहाचा फरक चारावर आला,” ते म्हणाले. “पेरावर चार मिलिमीटर कसे कळणार?”

काठावरच्या तिरप्या उठावाच्या रेषा त्यांना आवडल्या. शंभरावर चार, दोनशेवर चार रेषा आणि दोन वर्तुळं, पाचशेवर पाच. पण ह्या रेषा आणि ओळखीच्या खुणा शंभर आणि त्यावरच्या नोटांनाच आहेत. दहा, वीस, पन्नासच्या नव्या नोटांवर बोटाला लागेल अशी खूण नाही. आणि रस्त्यावर उदबत्त्या विकणारा, खुर्च्या विणणारा, रेल्वेत गाणी म्हणणारा अंध माणूस दिवसभर ह्याच नोटा हाताळतो. नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था नव्या नोटा ओळखता येत नाहीत म्हणून मुंबई उच्च न्यायालयात गेली होती. जानेवारी २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेनं ‘मनी’ नावाचं मोबाइल अ‍ॅप आणलं. कॅमेऱ्यासमोर नोट धरली की ते किंमत बोलून सांगतं. चांगली सोय आहे. पण नोट खरी की खोटी हे ते सांगत नाही, त्याला स्मार्टफोन लागतो, आणि चालत्या गर्दीत एका हातात माल, दुसऱ्या हातात फोन अशा माणसानं नोट धरायची कुठं?

तात्या आता नाहीत. बचत गटांच्या बायकांना मी नोट ओळखायला शिकवते ते त्यांच्याच क्रमानं: आधी हात, मग उजेड, मग तिरका डोळा. शिकलेल्या बाईनं आणखी दोघींना शिकवायचं, ही अटही त्यांचीच. नोटेत घातलेली सगळी कारागिरी, कागदापासून रंग बदलणाऱ्या धाग्यापर्यंत, ती घेणाऱ्याच्या हाताला कळली तरच कामाची. तिजोरीत पडलेल्या नोटेला तिचा काही उपयोग नाही, हे त्यांनी मला शिकवलं.

मास्तरांसाठी एक पत्र मात्र त्यांच्याकडून लिहायचं राहिलं. ते मी लिहिलं आहे, सुवाच्य अक्षरात आणि कारणांसह. पुढच्या मालिकेचा आराखडा होईल तेव्हा दहा, वीस आणि पन्नासच्या नोटांनाही झिजणार नाही अशी खूण द्यावी, मापांतला फरक पुन्हा पेराला कळेल इतका वाढवावा, आणि नमुने पसंत करायच्या बैठकीत रोज नोटा हाताळणारी अंध माणसं बसवावीत, अशी मागणी त्यात आहे. उत्तर आलं नाही तर दुसरं पाठवीन.