ऑफिस सुटल्यावर वर्ल्ड चॅम्पियन

एक सोप्पा प्रश्न. क्रिकेटचा २०११ चा वर्ल्ड कप कुणी जिंकला? झोपेतून उठवलं तरी शेवटची सिक्स कुणी मारली तेही सांगाल. आता दुसरा. व्हॉलीबॉलची वर्ल्ड चॅम्पियनशिप? असते का असं काही, हाच चेहरा झाला ना? माझ्या टीममध्ये सगळ्यांचा झाला होता.

असते, बॉस. १९४९ पासून असते. पुरुषांच्या क्रिकेट वर्ल्ड कपपेक्षा वयानं २६ वर्षं मोठी. पहिली झाली प्रागला, फक्त पुरुषांची. बायकांना तीन वर्षं थांबावं लागलं. १९५२ मध्ये मॉस्कोला त्यांची पहिली चॅम्पियनशिप झाली, आठ देशांच्या मुली उतरल्या आणि त्या आठांत एक देश होता भारत! इकडे पहिली लोकसभा नुकती कुठे बसलेली, आपल्या व्हॉलीबॉल फेडरेशनला जेमतेम एक वर्ष झालेलं, आणि आपल्या मुली मॉस्कोत नेटसमोर उभ्या. पुरुषांचा संघही गेला होता. नंबर काय आला ते सोडा, दोन्हीकडे सोव्हिएत युनियनच जिंकलं. मला त्या स्पर्धेतली आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. तिथल्या मॅचेस उघड्यावर झाल्या. वर आकाश, खाली मैदान. सेम टु सेम आमच्या गावासारखं.

आमचं गाव सडक अर्जुनी. जिल्हा गोंदिया. नागपूर-रायपूर हायवेवर आहे, पूर्वीचा एनएच ६, आताचा ५३. जिल्ह्यात आणखी एक अर्जुनी आहे, मोरगाव अर्जुनी. तिकडे रेल्वे स्टेशन आहे, आमच्याकडे सडक. म्हणून सडक अर्जुनी. पुण्यात नाव सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग ‘म्हणजे नागपूरच ना?’ विचारतात. असो.

धान कापून झालं की आमच्याकडे व्हॉलीबॉलचा सीझन सुरू. आमच्या भागात बांबूला तोटा नाही, त्यामुळे खांबांचा प्रश्न मिटला. तलावावर जाळी विणणारे ढीवर काका नेट विणून द्यायचे. चुन्याची फक्की मारली की झालं १८ बाय ९ मीटरचं कोर्ट तयार. एक बॉल, बारा माणसं. क्रिकेटच्या एका बॅटच्या पैशात अख्ख्या मोहल्ल्याचा खेळ. रात्री हॅलोजन लावून खुले सामने व्हायचे, आणि स्मॅशरपेक्षा लिफ्टरला जास्त मान असायचा, हे आमच्या गावचं शहाणपण. मुली मात्र फक्त शाळेत खेळायच्या, तेही पाचच्या आत. मी दहावीपर्यंत खेळले. मग हाफ पँटचा विषय निघाला, त्यावर घरात कुणी चर्चा केली नाही, आणि माझा बॉल शाळेच्या कपाटात गेला तो गेलाच.

त्यामुळे जपानी मुलींची गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मी रात्री दोनपर्यंत जागी होते. दुसऱ्या दिवशी क्लायंट कॉल होता, तरी.

सोव्हिएत बायकांनी १९५२, ५६, ६० अशा तिन्ही चॅम्पियनशिप घेतल्या होत्या. उंच, ताकदवान, हरणं माहीतच नाही. १९६२ ची स्पर्धा परत मॉस्कोत, म्हणजे त्यांच्याच अंगणात. आणि तिथे त्यांना हरवलं कुणी? ओसाकाजवळच्या काइझुका गावातल्या एका सूतगिरणीच्या मुलींनी! जपानची नॅशनल टीम म्हणजे जवळपास निचिबो या गिरणी कंपनीचीच टीम होती. दिवसभर ऑफिसचं काम, मग प्रॅक्टिस, ती मध्यरात्रीपर्यंत. कोच दाइमात्सु हिरोबुमी हा महाभयंकर माणूस. आजच्या कुठल्याही एचआर पॉलिसीत बसणार नाही असा. उंचीत आपण मार खाणार हे त्याला कळलं होतं, म्हणून त्यानं मुलींना लोळण शिकवली. बॉलकडे झेप घ्यायची, हात लावायचा, खांद्यावरून गोल फिरायचं आणि त्याच झोकात उभं राहायचं. आज जगभर व्हॉलीबॉलवाले अशी लोळण घेतात, त्यातला बराच वाटा या गिरणीवाल्यांचा.

दोन वर्षांनी टोकियो ऑलिंपिक आलं. ऑलिंपिकमधला बायकांचा पहिला सांघिक खेळ म्हणजे व्हॉलीबॉलच. खरं तर बऱ्याच जणी १९६२ नंतर सोडून लग्न करणार होत्या, पण थांबल्या. शेवटच्या मॅचला पुन्हा सोव्हिएत युनियन आणि पुन्हा जपानच. त्या मॅचचं जपानमधलं टीव्ही रेटिंग ६६.८ टक्के होतं. आपल्याकडच्या कुठल्या सासू-सुनेला एवढं मिळालंय, सांगा. कॅप्टन कासाई मासाए तेव्हा ३१ वर्षांची. प्रॅक्टिसमुळे मुलं भेटतच नाहीत, असं तिनं थेट पंतप्रधान सातो यांना सांगितलं, आणि त्यांनी तिला स्थळ बघून दिलं. लग्न झालंसुद्धा. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बाकी इतिहास सगळा असा गोड नाही. पुढची चॅम्पियनशिप १९६७ मध्ये जपानलाच झाली. उत्तर कोरिया आणि पूर्व जर्मनीचे झेंडे लावायला, राष्ट्रगीत वाजवायला यजमान तयार नव्हते. कम्युनिस्ट देश आलेच नाहीत. चार संघांत वर्ल्ड चॅम्पियनशिप उरकली! आमच्या गावच्या सामन्यांना याहून जास्त टीम असायच्या.

पण खरा बदल हळूच झाला. खेळ छपराखाली गेला. आधी लाकडी फ्लोअर, नंतर सिंथेटिक मॅट. १९९८-९९ च्या सुमारास पॉइंटची पद्धतच बदलली. पूर्वी सर्व्हिस आपली असेल तरच पॉइंट आणि सेट १५ चा. आता प्रत्येक रॅलीला पॉइंट आणि सेट २५ चा. आमच्या गावात जुनी पद्धत त्यानंतरही कितीतरी वर्षं चालू होती. जग आत गेलं आणि आम्ही १९५२ मध्येच, बाहेर, फक्की मारत बसलो.

हा फरक मी एकदा डोळ्यांनी पाहिला. २००९ मध्ये २१ वर्षांखालच्या मुलांची जागतिक चॅम्पियनशिप चक्क पुण्यात झाली, ३१ जुलै ते ९ ऑगस्ट. तुम्हाला आठवत नसेल, कारण त्याच आठवड्यात स्वाइन फ्लू आला. ३ ऑगस्टला देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला. नायडू हॉस्पिटलबाहेर रांगा, मास्क गायब, सगळं शहर तोंडाला रुमाल बांधून. तेव्हा मी हिंजवडीला होते. तोंडाला स्कार्फ बांधून एका संध्याकाळी बालेवाडीला गेले. ब्राझीलची मुलं वॉर्म अप करत होती. तीच टीम पुढे क्युबाला हरवून जिंकली. बॉल कुणी मारला यापेक्षा मी त्यांच्या पायांकडे बघत होते. पूर्ण अंग झोकून ती मॅटवर पोटावर घसरत होती आणि हसत उठत होती. आमच्या कोर्टावर असं घसरलं की गुडघ्याचं कातडं तिथेच राहतं. म्हणून आम्ही घसरायला शिकतच नाही. बॉल पडू देतो.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण माझी भाची. ताईची मुलगी, वय १७, उंची पाच फूट अकरा. जिल्हा खेळली, विभाग खेळली. पुढच्या निवडीला मॅटवर उतरली आणि पहिल्याच दिवशी बाहेर. स्मॅश चांगला होता, डिफेन्सला खाली जातच नव्हती. रात्री मला फोन. ‘‘मावशी, मी तुह्याकडं येऊ का वं? एक वर्ष. इथं मॅटच नाही ना.’’

भाऊजींचं म्हणणं, नर्सिंगला टाकू. वाईट माणूस नाही, काळजीवाला आहे. खेळाडूंना सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण असतं, पोलीस भरतीतही चालतं, असं मी सांगितलं. त्यावर जरा थांबले. मग खरी भीती बाहेर आली. ‘‘हातपाय मोडला तं तिचं लगन कोन जमवन जी?’’

मी त्यांना कासाईची गोष्ट सांगितली. जपानचा पंतप्रधान, स्थळ, सगळं. फोनवर बराच वेळ शांतता. मग, ‘‘आपला प्रधानमंत्री करन का?’’ आणि मागून ताईचा हसण्याचा आवाज.

२०२५ मध्ये बायकांची वर्ल्ड चॅम्पियनशिप थायलंडला झाली, पहिल्यांदाच ३२ देशांची. इटलीनं तुर्कीला पाच सेटमध्ये हरवलं. ती फायनल मी लॅपटॉपवर पाहिली, भाचीनं तिकडे मोबाइलवर, नेटवर्क जात-येत. व्हिएतनामच्या मुलीसुद्धा या वेळी पहिल्यांदा खेळल्या. १९५२ च्या आठांत असलेला भारत त्या ३२ मध्ये नव्हता. यावर तिनं मेसेज केला, ‘‘व्हिएतनामच्या पोरी आपल्याहून बुटक्या हायेत ना वं?’’ मी उत्तर दिलं नाही. तिला लोळण शिकायचीच आहे, हे मला तेवढ्यात कळलं.

घरी आमचं ठरलंय. हॉलमधला सोफा-कम-बेड तिचा, सकाळचा डबा माझा, कोर्टाची फी अर्धी-अर्धी ताई आणि मी. नवऱ्याला फक्त एकच शंका होती, एवढी उंच मुलगी सोफ्यावर मावेल का. त्याआधी तिला गोंदियाहून महाराष्ट्र एक्सप्रेसनं पुण्याला यायचंय. कन्फर्म झालंय ते साइड लोअर.