आवाज बंद करून

२००७ च्या आसपास अकोल्यात भारनियमन असं होतं, की शिनचॅनचा अख्खा भाग पाहायला मिळणं म्हणजे नशीब. लाइट गेली की उरलेली गोष्ट आम्ही पोरं अंगणात आपापली पूर्ण करायचो. (माझी हिंदी त्यानंच घडवली. बिघडवली म्हणा.) पुढे अमरावतीला इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर डोरेमॉन, आणि आता पुण्यात दिवसभर कोड लिहून झाल्यावर जेवताना पुन्हा तेच.

बाबा चिडायचे. "इंजिनिअर झाला ना बे? हे काय पाहून रायला?"

त्यांची तीस वर्षं जिनिंगच्या मशीनशेजारी गेली. आता फार कमी ऐकू येतं. कानाचं मशीन लावत नाहीत. आधी बातम्या सुटल्या, मग आमच्याशी बोलणं.

दिवाळीत मी टॉम अँड जेरी लावलं. १९४० पासूनची जोडी. जुन्या भागांत बोलणं जवळपास नाहीच. टॉमच्या शेपटीवर इस्त्री पडली आणि बाबा खुदकन हसले. म्हणाले, "आता पाय, कुत्रं येते."

मी आवाज बंद केला. सलग चार भाग पाहिले. आईनं दोनदा जेवायला हाक मारली. मला ऐकू आली होती, पण उठलो नाही.