खांद्याचं न सांधलेलं हाड

पोर्टस्मथ, मंगळवार

ती. बाबांस,

आज ‘मेरी रोझ’ पाहिली. आठव्या हेन्रीची ही युद्धनौका १९ जुलै १५४५ रोजी फ्रेंचांशी लढताना इथल्याच सोलेंट सामुद्रधुनीत बुडाली, ती १९८२ साली वर काढली. जहाज भव्य आहेच, पण माझा सगळा वेळ गेला हाडांपाशी. किमान १७९ जणांचे अवशेष मिळाले, तेही एकमेकांत मिसळलेले. अ‍ॅन स्टर्लंड या अस्थितज्ज्ञ बाईंनी हाडाशी हाड ताडून पाहत त्यातून माणसं वेगळी केली. केवढी चिकाटी!

त्यांना जे दिसलं ते खास तुमच्यासाठी. खांद्याच्या पात्याचं वरचं टोक आधी सुटं असतं आणि विशी-पंचविशीत सांधतं, हे तुम्हीच मला शिकवलंत. काहींचं ते कधीच सांधत नाही, सुटंच राहतं: ऑस अ‍ॅक्रोमियाले. या खलाशांत ते शंभरात बाराहून जास्त पात्यांवर सापडलं. स्टर्लंडबाईंच्या मते ही खूण तिरंदाजांची.

साउथसी, बुधवार

बाबा, काल झोपेपर्यंत डोक्यात तेच होतं. जहाजातून १७२ धनुष्यं निघाली, यू झाडाच्या लाकडाची, बहुतेक माणसापेक्षा उंच. ती पूर्ण ओढायला ४५ किलोंहून जास्त जोर लागायचा. हेन्रीच्या कायद्यानं सात वर्षांच्या पोरालाही धनुष्य घेऊन देणं बापावर बंधनकारक होतं. म्हणजे टोक सांधायच्या वयात स्नायू ते रोज ओढत राहणार. मला हे पटतं. मात्र एकट्या त्या तुकड्यावरून कुणाला तिरंदाज ठरवू नये. तो आनुवंशिकही असू शकतो. पण एवढ्या जणांत तो एकत्र दिसतो, तेव्हा त्या पोरांनी काढलेले कष्ट मला खरे वाटतात. त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. बहुतेक तिशीच्या आतले. शत्रूनं चढू नये म्हणून डेकवर ताणलेल्या जाळीखाली अडकून बुडाले.

आता तुम्हाला विचारायचं ते असं. एक्सरेत हा तुकडा फ्रॅक्चरसारखा दिसतो, पण त्याच्या कडा गुळगुळीत असतात. मार्केट यार्डातल्या हमालांचे खांदे तुम्ही वर्षानुवर्षं तपासलेत. लहानपणापासून पोती उचलणाऱ्या एखाद्याच्या खांद्यात असं कधी दिसलं का? जुने एक्सरे माळ्यावर असतील तर आईला ते रद्दीत देऊ देऊ नका.

आपली,
मीनल