टर्लिंग्वा : पाऱ्याने वसवलेले, पाऱ्याने उठवलेले गाव

अमेरिकेत टेक्सास राज्याच्या पश्चिम भागात, मेक्सिकोच्या हद्दीजवळ टर्लिंग्वा नावाचे गाव आहे. ‘ट्रेस लेंग्वास’ या स्पॅनिश शब्दांवरून, म्हणजे ‘तीन भाषा’ यावरून हे नाव पडले असे तिथले लोक सांगतात. त्या तीन भाषा नेमक्या कोणत्या यावर मात्र त्यांचे एकमत नाही. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि कचेरीत इंग्रजी बोलणाऱ्या आपल्यासारख्यांना हे नाव ऐकताच जवळचे वाटावे. मुलीकडे ऑस्टिनला गेलो होतो, तेव्हा जावयांनी ‘कुठे जायचे?’ असे विचारले आणि मी नकाशात याच गावावर बोट ठेवले.

अल्पाइन हे रेल्वेचे गाव सोडले की दक्षिणेला सुमारे सव्वाशे किलोमीटर चिवावा वाळवंटातून रस्ता जातो. वाळवंट म्हणजे राजस्थानसारखी वाळू नव्हे. काटेरी झुडपे, निवडुंग, बोडके डोंगर आणि त्यांच्या पायथ्याशी पिवळट-करडी माती. गाव जवळ आले की छप्पर उडालेल्या घरांच्या भिंती दिसू लागतात. काही कच्च्या मातीच्या विटांच्या, काही चपट्या दगडांवर दगड रचलेल्या. उतारावर खाणीतून उपसलेल्या मुरुमाचे ढीग आहेत. ही पाऱ्याची खाण. कन्नडमध्ये ज्याला आपण ‘पादरस’ म्हणतो, तो.

पारा जमिनीत पातळ स्वरूपात क्वचितच सापडतो. तो बहुतेक गंधकाशी जखडलेला असतो. त्या लाल खनिजाला मराठीत हिंगूळ आणि कन्नडमध्ये इंगळीक म्हणतात. आपले चित्रकार आणि वैद्य त्याला फार जुन्या काळापासून ओळखतात. टर्लिंग्वाचा खालचा खडक आहे चुनखडीचा. आपला दख्खनचा काळा पाषाण सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी ओतला गेला. ही चुनखडी त्याहूनही जुनी, साधारण 10 कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राच्या तळाशी साचलेली. तिच्यावर चिकणमातीचा जाड थर बसला. पुढे, डायनासोर नाहीसे झाल्यावर कितीतरी काळाने, या भागात ज्वालामुखी जागे झाले. पाऱ्याचा अंश असलेले गरम पाणी चुनखडीच्या भेगांतून आणि पोकळ्यांतून वर चढू लागले. पण वरची चिकणमाती त्याला वाट देईना. पातेल्यावर घट्ट झाकण असावे तसे झाले आणि त्या झाकणाखालीच हिंगूळ साचत गेला. म्हणून खाणकामगार चुनखडी आणि चिकणमाती जिथे भेटतात ती रेषा धरूनच खोदत. ‘टर्लिंग्वाइट’ नावाचे एक पिवळे खनिजही जगाला इथूनच माहीत झाले. उजेडात ठेवले की ते हिरवट पडते.

शिकागोचे उद्योगपती हॉवर्ड पेरी यांनी 1903 साली इथे चिसोस मायनिंग कंपनी काढली. खनिज फोडून भट्टीत तापवायचे. गंधक जळून धूर होऊन जातो, पाऱ्याची वाफ होते आणि ती थंड नळ्यांत पुन्हा थेंब होऊन उतरते. आपल्याकडे अर्क काढतात तीच रीत. मग पारा लोखंडी बाटल्यांत भरायचा. एका बाटलीत मावे जेमतेम अडीच लिटर, पण वजन 34 किलोच्या वर! खेचरांच्या गाड्या तो रेल्वेपर्यंत पोचवीत. भट्टीला सरपण आणि बोगद्यांना टेकू हवेत म्हणून ओढ्याकाठची झाडे तोडली गेली. पहिल्या महायुद्धात बंदुकीच्या गोळ्यांना आणि सुरुंगांना पेटवणारी दारू पाऱ्यापासून होई, त्यामुळे मागणी एकदम वाढली. 1922 साली अमेरिकेत निघणाऱ्या पाऱ्यापैकी 40 टक्के पारा टर्लिंग्वाचा होता.

हे काम केले कोणी? मेक्सिकन मजुरांनी. 1910 साली मेक्सिकोत क्रांती सुरू झाली आणि जीव वाचवून नदी ओलांडणारी कुटुंबे इथे कामाला लागली. रोजची मजुरी एक-दोन डॉलर. दुकान कंपनीचे, घर कंपनीच्या जागेत. दुकानाच्या पूर्वेला मेक्सिकन वस्ती, पश्चिमेला गोऱ्यांची. टेकडीवर मालकाचा वाडा अजून उभा आहे. भट्टीजवळ काम करणाऱ्यांच्या अंगात वाफ भिनत असे. तोंडाला सारखी लाळ सुटे, हिरड्या सुजत, दात हलू लागत, हात थरथरत.

गावात मी सर्वांत जास्त वेळ थांबलो तो स्मशानात. दगडांचे लांबट ढीग, वर लाकडी क्रूस, बऱ्याचशांवर नावही उरलेले नाही. खाणीतले अपघात, आजार आणि 1918 ची इन्फ्लुएन्झाची साथ यांनी इथे माणसे आणली. दर वर्षी 2 नोव्हेंबरला लोक इथे मेणबत्त्या लावतात, फुले आणि खाणे ठेवतात. आपल्या सर्वपित्रीची आठवण झाली. भाषा वेगळी, पण पान वाढण्याची रीत तीच.

पुढे खनिज उणावले. 1942 साली कंपनीने दिवाळे काढले, दुसरी कंपनी आली, पण महायुद्ध संपताच तीही थांबली. लोक निघून गेले. आता त्या पडक्या भिंतींच्या आसपास थोडी वस्ती पुन्हा झाली आहे, ती पर्यटनावर जगते.

पारा मात्र गेलेला नाही. जवळच्याच बिग बेंड राष्ट्रीय उद्यानात मारिस्कल नावाची अशीच एक बंद खाण आहे. तिथल्या भट्टीच्या जुन्या विटांना हात लावू नका, असे उद्यानवाले बजावतात. विटांत पारा मुरलेला आहे. कोलारची सोन्याची खाण 2001 साली बंद झाली, तरी तिथल्या सायनाईडच्या टेकड्या उभ्याच आहेत. खाण बंद करायला एक कागद पुरतो, ती निस्तरायला पिढ्या लागतात. पाऱ्याचा वापर कमी करण्याचा मिनामाता करार 2017 साली अमलात आला, भारतानेही 2018 साली त्याला मान्यता दिली.

जायचे असेल तर नोव्हेंबर ते मार्च या दिवसांत जावे. उन्हाळा भाजून काढतो. पाणी आणि पेट्रोल भरून घ्यावे आणि खाणीच्या उघड्या तोंडांपासून मुलांना लांब ठेवावे. आणि घरी कपाटात जुना काचेचा थर्मामीटर असेल, तर तो फुटल्यावर केरसुणीने लोटू नये. खिडक्या उघडाव्यात, मुलांना बाहेर न्यावे, मग जाड कागदाने थेंब गोळा करून झाकणाच्या बाटलीत बंद करावेत. ते चकचकीत थेंब मुलांना खेळायला फार आवडतात, म्हणून हे सांगितले.