न हलणारा पलंग

ऑलिव्ह म्हटलं की आपल्याला दोनच गोष्टी आठवतात. एक, पिझ्झ्यावरच्या काळ्या चकत्या आणि दोन, संयुक्त राष्ट्रांच्या झेंड्यावरच्या त्या शांततेच्या फांद्या. हा झेंडा १९४७ चा. पण ज्या ग्रीकांनी हे झाड डोक्यावर घेतलं (अक्षरशः घेतलं, ऑलिंपियाला जिंकणाऱ्याला रानटी ऑलिव्हच्या फांदीचा मुकुट मिळायचा), त्यांच्याकडे बघितलं तर शांतता-बिंतता फार नंतर येते.

मी सध्या लंडनला ऑनसाइट आहे. शनिवारी फुकटात करण्यासारखं काय, तर ब्रिटिश म्युझियम! तिथे एक रांजण आहे, इ.स.पू. ५२० च्या आसपासचा. ज्यानं रंगवला त्याचं खरं नाव माहीत नाही, अभ्यासक त्याला अँटिमेनीझ पेंटर म्हणतात. एका बाजूला चक्क ऑलिव्हचा हंगाम चाललाय. एक पोरगा झाडावर चढून बसलाय, दोन दाढीवाले बाप्ये लांब काठ्यांनी फांद्या झोडपताहेत, आणि एक जण खाली वाकून टोपलीत फळं गोळा करतोय. आपल्याकडे चिंचा पाडतात ना, अगदी तस्संच. मी त्या काचेसमोर बराच वेळ उभा होतो. देवळातल्या मूर्तीसुद्धा इतक्या ओळखीच्या वाटत नाहीत.

मूर्तींचंच म्हणाल तर गोष्ट अशी. अथेन्स कुणाचं यावरून अथीना आणि समुद्रदेव पोसायडनची जुंपली. पोसायडननं त्रिशूळ मारून खडकातून पाणी काढलं, पण ते निघालं खारं. अथीनानं ऑलिव्हचं झाड उगवून दाखवलं आणि शहर जिंकलं. झाडावरून देवादिकांत भांडणं आपल्यालाही नवीन नाहीत, सत्यभामेचा पारिजातक आहेच. (गंमत म्हणजे वनस्पतिशास्त्राप्रमाणे पारिजातक आणि ऑलिव्ह एकाच कुळातले!) हे भांडण पार्थेनॉनच्या पश्चिमेकडच्या त्रिकोणी दर्शनी भागावर कोरलेलं होतं. त्यातल्या उरलेल्या मूर्ती आज काही लंडनला, काही अथेन्सला. असो, तो विषय काढला तर लेख संपणार नाही.

मला त्याहून आवडते ती हेरोडोटसनं सांगितलेली गोष्ट. इ.स.पू. ४८० मध्ये पर्शियन फौजेनं अ‍ॅक्रोपोलिस जाळलं, त्यात अथीनाचं ते झाडही जळालं. दुसऱ्या दिवशी राजा झर्क्सिसच्या हुकमावरून, त्याच्याच सोबत असलेले काही परागंदा अथेनियन वर पूजा करायला गेले. बघतात तर जळक्या खोडाला हातभर लांब कोंब! एका दिवसात हातभर जरा जास्तच झालं, मान्य. पण कल्पना हवेतली नाही. ऑलिव्ह तोडलं, जाळलं तरी बुंध्यातून आणि मुळांतून परत फुटतं. ग्रीक शेतकऱ्याला हे घरबसल्या माहीत होतं, म्हणून त्याला ही गोष्ट पटली असणार.

आणि अथेन्सवाले नुसते हात जोडून थांबले नाहीत. पवित्र ऑलिव्हना ते मोरिया म्हणत. ही झाडं लोकांच्या खाजगी शेतांतही असायची, पण मालकी शहराची. दर वर्षी तपासनीस यायचे. मोरिया तोडली तर एके काळी मृत्युदंड होता, असं अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावरच्या ग्रंथात आहे. झाड सोडा, बुंध्यालाही संरक्षण! इ.स.पू. ३९५ च्या आसपास एका माणसावर शेतातला ऑलिव्हचा बुंधा उपटल्याचा खटला झाला. लिसियासनं त्याच्यासाठी लिहिलेलं बचावाचं भाषण आजही वाचायला मिळतं. आरोप सिद्ध झाला असता तर हद्दपारी आणि मालमत्ता जप्त. भाषण उरलंय, निकाल नाही. अख्ख्या भाषणात तो हेच सांगतोय, की अहो, एका ठुडक्यासाठी मी घरदार कशाला पणाला लावीन? आजूबाजूला रस्ता, शेजारी, सगळे बघणारे, आणि घरातल्या गुलामांनी तोंड उघडलं तर मी संपलो! काय लॉजिक लावलंय पठ्ठ्यानं. आमच्या ऑडिटमध्ये असला माणूस पाहिजे.

या झाडांचं तेल जायचं कुठे? तर दर चार वर्षांनी अथीनाच्या मोठ्या उत्सवात स्पर्धा व्हायच्या, तिथे बक्षीस म्हणून. एकेका रंगवलेल्या कुंभात ३६ ते ४० लिटर तेल. आता इथे माझ्यातला इंजिनिअर जागा होतो. इ.स.पू. ५२५ च्या सुमारास अथेन्समध्ये मातीच्या भांड्यांवर लाल आकृत्यांची नवी पद्धत आली आणि हळूहळू जुनी काळ्या आकृत्यांची पद्धत बाद झाली. फक्त या बक्षिसाच्या कुंभांवर मात्र पुढची काही शतकं तीच जुनी काळी अथीना, ढाल-भाला घेऊन उभी. याला म्हणतात बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी :)

पण हे सगळं एकीकडे आणि ओडिसिअसचा पलंग एकीकडे. होमरच्या ओडिसीत ऑलिव्ह सारखं भेटत राहतं. कॅलिप्सो ओडिसिअसला तराफा बांधायला कुऱ्हाड देते, तिचा दांडा ऑलिव्हचा. सायक्लॉप्सच्या डोळ्यात खुपसलेला सोटा ऑलिव्हचा. इथाकाच्या बंदरात तो परत उतरतो तिथेही ऑलिव्ह. वीस वर्षांनी घरी आल्यावर मात्र बायको ओळख द्यायला तयार नाही. पेनेलोपी दासीला सहज सांगते, यांचा पलंग खोलीबाहेर आणून घाल गं. आणि हा भडकतो. कारण तो पलंग हलूच शकत नाही! अंगणात वाढलेल्या ऑलिव्हभोवती त्यानं स्वतः खोली बांधली होती, वरचा विस्तार छाटून मुळावरच्या खोडाचाच खूर केला होता. हे गुपित त्या दोघांना आणि एका दासीला सोडून कुणाला माहीत नाही. तो भडकला आणि तिला खूण पटली.

आमचा पुण्यातला पलंग एका अ‍ॅलन कीनं तासाभरात सुटा होतो. लग्नाला तीन वर्षं झाली, तेवढ्यात तो तीन भाड्याच्या घरांत फिरलाय. त्यातले चौदा महिने मी इथे, ती तिथे. येत्या गुरुवारी मॅनेजरला सांगायचंय, अजून एक वर्ष एक्स्टेन्शन घेतो की नाही. पैसे बरे आहेत, घराचं डाउन पेमेंट होईल, वगैरे वगैरे... ही सगळी गणितं आम्ही दोघांनी एक्सेलमध्ये मांडून झालीत.

परवा फोनवर बायकोला ही पलंगाची गोष्ट सांगितली. मला वाटलं ती म्हणेल, वा, काय रोमँटिक. ती आधी म्हणाली, "वीस वर्षांनी आलास ना, तर मी पलंग ओएलएक्सवर विकलेला असेल." मग थोडा वेळ गप्प.

"पण काय रे, फांद्या छाटल्यावर ते झाड जगलं का?"

"होमरनं सांगितलेलं नाही. पण ऑलिव्ह आहे ते, जगतं."

"घरात? उन्हाशिवाय?"