खारेपाटणचा ताम्रपट आणि राईचा मालक

मुलांनो, मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या एसटीत बसलात तर राजापूर मागे पडल्यावर थोड्याच वेळात सिंधुदुर्ग जिल्ह्याची हद्द लागते. आणि लगेच येतं खारेपाटण. चहासाठी गाडी थांबली तर खाली उतरा आणि नदीकडे बघा. ही शुक नदी. पुढे ती खाडीला मिळते आणि त्या खाडीच्या तोंडाशी आहे विजयदुर्ग किल्ला. भरतीचं खारं पाणी पार इथपर्यंत चढतं. पावसाळ्यात नदी फुगली की पाणी थेट बाजारपेठेत शिरतं. इथल्या दुकानदारांना माल वरच्या फळीवर चढवायची सवयच झाली आहे म्हणा ना!

एके काळी हे मोठं बंदर होतं बरं का. समुद्रापासून इतकं आत! कसं कळलं? इथल्या एका ताम्रपटावरून. शके ९३०, म्हणजे इसवी सन १००८. दक्षिण कोकणात तेव्हा शिलाहार राजा रट्टराज राज्य करत होता. त्याने एका देवळासाठी गावं दान दिली आणि तो मजकूर तांब्याच्या पत्र्यांवर कोरून घेतला. हे पत्रे खारेपाटणात सापडले. त्यांचं वाचन पहिल्यांदा छापलं ते ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनी. बाळशास्त्रींचं पोंभुर्ले गाव इथून काही फार लांब नाही.

पण मला त्या ताम्रपटात सगळ्यात आवडतो तो हिशोब. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक गलबतामागे सोन्याचा एक गद्याण देवळाला द्यायचा. जवळच्या बंदरातून आलेल्या गलबताने त्याहून कमी. काही बंदरांना माफी. शिवाय हा पैसा कशाकशावर खर्च करायचा तेही लिहिलंय : पूजा, देवळाची डागडुजी, तपस्व्यांचं आणि पाहुण्यांचं अन्नवस्त्र. कुणी द्यायचं, किती द्यायचं, कशासाठी द्यायचं, सगळं तांब्यावर. हजार वर्षांनीही वाचता येतंय.

आता याच भागातल्या दुसऱ्या एका गोष्टीकडे चला. तिचा ताम्रपट मात्र कुणी कोरला नाही.

सिंधुदुर्गात गावोगाव देवराया आहेत. गावदेवीच्या नावाने राखलेलं रान. आत शिरलात की भर दुपारी अंधारल्यासारखं होतं. जाडजूड वेली, पायाखाली पानांचा ओला थर, कुठेतरी धनेशाच्या पंखांचा आवाज. बहुतेक ठिकाणी राईच्या पोटातून एखादा झराही निघतो. तिथलं झाड तोडायचं नाही. अगदीच गरज पडली तर देवाला कौल लावायचा. गुरव देवाच्या मूर्तीला कळे लावतो. उजवा पडला तर होकार, डावा पडला तर नकार. निर्णय देवाचा. पण कौल कधी लावायचा, प्रश्न कसा विचारायचा, हे कोण ठरवतं? गावचे बारापाच मानकरी. या मंडळींनी राया शेकडो वर्षं राखल्या, हे खरंच आहे. पण मला एक शंका येते. झऱ्याचं पाणी डोक्यावरून वाहून नेते बाई. औषधी मुळी कुठे मिळते हे ठाऊक असतं गुरं राखणाऱ्याला. मानाच्या बैठकीत या दोघांना जागा कुठे होती?

बरं, राई कुणाची? गाव म्हणतं, देवीची. सातबारा काढला तर पुष्कळ ठिकाणी निघते सरकारची! १९७०च्या आसपास माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक हे शास्त्रज्ञ देवरायांचा अभ्यास करत कोकणात हिंडत होते. श्रीवर्धनजवळच्या गाणी गावातले लोक त्यांच्याकडे आले. त्यांची राई तोडली जाणार होती, आणि गावाचं पाणी तर त्या राईतल्या ओढ्यावर अवलंबून. शास्त्रज्ञांनी वनखात्याला पटवलं आणि राई वाचली. शेवट गोड झाला. पण बाहेरून कुणी हिंडत आलं नसतं तर? हल्ली तर वेगळंच संकट आहे. जुनं कौलारू देऊळ पाडून सिमेंटचं मोठं देऊळ बांधायचं, आणि खर्च भागवायला राईतलीच झाडं विकायची. इथे तोडणारेही गावकरी आणि राखणारेही गावकरीच.

म्हणजे “गावाला विचारा” एवढं म्हणून भागत नाही. गावात कुणाला विचारलं, हेही बघावं लागतं.

आणि मुळीच न विचारलं तर काय होतं, ते बघायला मालवणला जा. १९८७ साली सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या समुद्रात सागरी अभयारण्य जाहीर झालं. सुमारे २९ चौरस किलोमीटर. तिथे पाण्याखाली प्रवाळ आहेत, रंगीत मासे आहेत. राखण्यासारखंच आहे सगळं. पण मच्छिमार म्हणाले, “आमच्या जाळ्याचं काय? आम्हाला विचारलं कुणी?” विरोध वर्षानुवर्षं चालला. यावरून कुणी म्हणेल, या लोकांना समुद्राची पर्वा नाही. तसं म्हणू नका हं! पर्ससीन जाळ्यांनी मासळीचा थवाच्या थवा ओढून नेणाऱ्या यांत्रिक बोटींवर बंधन घाला, ही मागणी लावून धरणाऱ्यांत हेच पारंपरिक मच्छिमार पुढे होते. २०१६ साली राज्य सरकारने तसे निर्बंध आणले. समुद्र राखायला त्यांची ना नव्हती. राखायचा कसा, ते त्यांना वगळून ठरायला नको होतं.

कायद्यालाही हे उशिराने सुचलं. वन्यजीव कायदा १९७२चा. तीस वर्षांनी, २००२च्या दुरुस्तीत त्यात दोन नव्या गोष्टी आल्या. सरकारी जमिनीवर ‘संवर्धन राखीव’ आणि लोकांच्या जमिनीवर ‘समुदाय राखीव’. नावं सारखीच वाटतात ना? पण समित्या बघा. पहिल्या प्रकारात वनखात्याचा माणूस सचिव, प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी, तीन संस्थांची माणसं; आणि काम काय, तर सल्ला देणं. दुसऱ्या प्रकारात ग्रामपंचायतीने पाठवलेली निदान पाच माणसं आणि वनखात्याचा एक. आणि काम राखण्याचं, सांभाळण्याचं. सल्ला देणारा आणि सांभाळणारा यांत केवढा फरक! तुमच्या वर्गाच्या सहलीचा विचार करा, लगेच कळेल. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात २०२० साली तिलारी जाहीर झालं, ते पहिल्या प्रकारचं. समुदाय राखीव क्षेत्रं सर्वांत जास्त आहेत ती दूर मेघालय-नागालँडात.

जैवविविधता कायदाही २००२चाच. त्यामुळे गावोगाव समित्या आल्या, आणि २००४च्या नियमांत एक तृतीयांश बायका हव्यात असंही आलं. पण पुष्कळ वर्षं काहीच हललं नाही. मग २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादाने राज्यांना मुदत दिली, दंडाचा धाक घातला, आणि भराभरा समित्या झाल्या. घाईत झालेल्या समितीतल्या एखाद्या काकूंना आपण सभासद आहोत हे ठाऊकही नसतं, असं कुठे आढळलं तर नवल वाटायला नको.

खरं काम दिसतं ते वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत. स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका २०१७पासून पर्यटकांना होडीत बसवून कांदळवन दाखवतात. त्याच सुमारास सरकारने कांदळवनांसाठी एक योजना आणली : गटाने दहा टक्के रक्कम घालायची, नव्वद टक्के सरकारची. होडी वल्हवायची बायकांनीच आणि ही चिपी, हे तिवर, असं सांगायचंही त्यांनीच. तिवर तुटलं तर पहिला तोटा त्यांचा. म्हणून आधी लक्षही त्यांचंच जातं.

खारेपाटणच्या खाडीकाठीही कांदळ आहे. या वाटेने गेलात, किंवा तुमच्याच गावात राई, तळं, खाडी असली, तर एवढं विचारून या : समितीत कोण कोण आहे? मागची बैठक कधी झाली? बायका बोलल्या का, की नुसत्या सह्या केल्या? होडीचे किंवा पाहुण्यांचे पैसे जमले तर त्यांचा हिशोब ग्रामसभेत वाचला जातो का? ग्रामसभा सहसा २६ जानेवारीला आणि १५ ऑगस्टला असते. तुमचं झेंडावंदन आटोपलं की आई-बाबांबरोबर जाऊन मागे बसा. मत देता येणार नाही, पण ऐकायला हरकत नाही. आणि गावची जैवविविधता नोंदवही बघायला मागा. तुमच्या आजीला माहीत असलेली किती झाडं तिच्यात आहेत, ते मोजा. उरलेली आजीला विचारून एका वहीत उतरवून काढा आणि सरपंचांकडे नेऊन द्या.