विटांच्या गांवीं एक हंगाम

परदेशीं जाऊन विनावेतन शिकविणाऱ्या शिक्षकांचीं प्रवासवर्णनें हल्लीं पुष्कळ वाचावयास मिळतात. आफ्रिकेंतील एखादें खेडें, नेपाळांतील एखादा डोंगरमाथा, तेथील अनोळखी भाषा आणि अनोळखी अन्न! मजला वयाची पांसष्टी उलटल्यावर जो परदेश घडला तो ठाण्यापासून अवघ्या पांच कोसांवर, भिवंडी तालुक्यांत. त्यास पासपोर्ट लागला नाहीं, एस्. टी. चें अर्धें तिकीट पुरलें.

भिवंडी म्हटलें कीं डोळ्यांपुढें यंत्रमाग उभे राहतात, आणि तें योग्यच आहे. १८५७ च्या धामधुमीनंतर उत्तर हिंदुस्थानांतून मोमीन विणकर येथें येऊन राहिले. पुढें तेलंगणांतून पद्मशाली आले. हातमाग जाऊन यंत्रमाग आले. आतां त्यांतीलही कित्येक बंद पडले असून आग्रा रस्त्याच्या बाजूस गोदामांच्या रांगा लागल्या आहेत. माझी भाची या गांवांत नांदते. तिच्या भिंतीपलीकडे मागांची अखंड खटखट चालते. तिच्या तान्ह्या मुलास त्या आवाजावांचून झोंप येत नाहीं. वीज जाऊन माग थांबले कीं तें दचकून जागें होतें.

शहर ओलांडून वाड्याच्या रस्त्यास लागलें कीं दुसरी भिवंडी दिसूं लागते. भातखाचरांच्या कडेनें धुराचे लोट, तांबड्या विटांचे ढीग, आणि त्यांच्या आडोशास कमरेइतक्या उंचीचीं घरकुलें. कच्च्या विटा रचून वर पेंढा किंवा प्लास्टिकचें कापड टाकलें कीं झाला भोंगा. जव्हार, मोखाडा, विक्रमगड या भागांतून (तो भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यांत मोडतो) कातकरी व वारली कुटुंबें भातकापणी आटोपून दिवाळीनंतर येथें येतात व पावसाच्या तोंडावर परततात. पावसाळ्यांतील उपासमारींत किंवा सणासुदीस मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती हंगामभर विटा पाडून फेडावयाची. दर आठवड्यास बाजारापुरती खर्ची मिळते; हिशेब शेवटीं. वेठबिगारीस बंदी करणारा कायदा १९७६ सालचा आहे, हें त्या माणसांस कोणी सांगितलेलें नसतें.

विधायक संसद या संस्थेनें गेल्या शतकाच्या अखेरीस याच मुलांसाठीं भोंगाशाळा काढल्या. त्याच्याही पूर्वीं, १९४५ सालीं, ताराबाई मोडकांनीं बोर्डीस काम आरंभिलें, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढें कोसबाडच्या टेकडीवर गुरें राखणाऱ्या पोरांसाठीं कुरणशाळा निघाली. मूल शाळेकडे येत नसेल तर शाळेनें मुलाकडे जावें, असा तो विचार. मी ज्या लहानशा मंडळाच्या वतीनें गेलों तेंही याच वाटेनें चालणारें.

पहिल्या दिवशीं मी नऊ वाजतां फळा टांगला व हजेरी घेऊं लागलों. साडेनऊपर्यंत निम्मा वर्ग झोंपला! कारण दुसऱ्या दिवशीं पहाटे जाऊन पाहिलें तेव्हां कळलें. माती, राखाडी आणि भाताचा तूस रात्रींच कालवून ठेवतात. पहाटे तीनच्या सुमारास बाप साचा मारावयास बसतो, आई चिखलाचे गोळे आणून देते, आणि आदल्या दिवशींच्या ओल्या विटा कडेवर उभ्या करण्याचें काम मुलांचें. कारण त्यांचीं पावलें लहान, दोन ओळींमधून चालतांना वीट मोडत नाहीं. सूर्य वर येईपर्यंत त्यांचा अर्धा दिवस सरलेला असे. तेव्हांपासून माझ्या शाळेंत पहिला तास निजण्याचा ठरला. नियोजनपत्रकांत त्यास काय नांव द्यावें, असें मंडळाच्या तरुण कार्यवाहानें विचारलें. मी 'विश्रांति' असें लिहिलें.

भाषेची गोष्ट निराळी. आईला 'आयास' म्हणणाऱ्या वारली मुलास पुस्तकांतील 'आई' परकी वाटते, हें मला चाळीस वर्षांच्या मास्तरकींत कोणीं शिकविलें नव्हतें. मी त्यांचे शब्द फळ्यावर लिहूं लागलों तेव्हां प्रथम मोठा हंशा पिकला आणि मग चुका काढण्याची अहमहमिका लागली. गुरुजींस चुकवितां येतें, हा आनंद कोणत्याही बिस्किटाहून मोठा. रिकाम्या वेळीं हीं मुलें मातीचे ट्रक करीत. शूद्रकाचा रोहसेन मातीचा गाडा मिळाला म्हणून रडला होता. हीं पोरें, ज्या ट्रकानें आपण घरीं जाऊं तो आधींच करून उन्हांत वाळत ठेवीत.

अंकगणितास साहित्य विपुल होतें. शुल्बसूत्रांतील श्येनचितीच्या पांच थरांत प्रत्येकीं दोनशें, अशा एक हजार इष्टका लागतात. येथेंही मजुरी हजारावरच. मी ती चिती विटांच्या तुकड्यांनीं मांडून दाखविली, आणि मुलांनीं पक्षी पाहण्याआधीं थर मोजले.

अकरा वर्षांची एक मुलगी, कडेवर कायम धाकटा भाऊ, यांत सर्वांत पुढें. गांवच्या शाळेंत तिसरी झालेली, चौथी मात्र दोन वर्षें भट्टीवरच सांडलेली. तिनें मोजणी शिकतांच आपल्या बापाच्या विटा रोज एका वहींत मांडण्यास सुरुवात केली: इतक्या ओळी, इतक्या विटा, मोडल्या इतक्या. मीं तिला हें सांगितलें नव्हतें. पाहिलें तेव्हां मी मनांतून चरकलों. कारण वही भट्टीवर मुकादमाचीच असावयाची, हा तेथील अलिखित नियम.

वैशाखअखेर हिशेब झाला. मुकादमाच्या वहींत सहा हजार विटा कमी होत्या. बाप मान खालीं घालून बसला. आईनें मात्र पदराखालून मुलीची वही काढून शेठपुढें ठेवली व म्हणाली, "शेठ, पोरीनं रोज लिवलंय, बघा." शेठनें पानें चाळलीं. बराच वेळ कोणी बोललें नाहीं. शेवटीं चार हजार विटा मान्य झाल्या, दोन हजार 'फुटींत' गेल्या. उचल फिटून थोडे पैसे हातीं आले. जातांना शेठ मजकडे न पाहतां मुकादमास म्हणाला, "पुढल्या सालीं मास्तर नको."

त्या संध्याकाळीं भाचीच्या सासूबाईंनीं विचारलें, "भाऊसाहेब, या वयांत ही दगदग कशाला?" मीं ती वहीची हकीकत सांगितली. त्यांनीं ताट वाढतां वाढतां एवढेंच विचारलें, "आणि त्या दोन हजारांचें काय हो?" मजपाशीं उत्तर नव्हतें.

निघण्याच्या दिवशीं प्रत्येक मुलास शिक्षण हमी पत्रक दिलें. मूल कोणत्या इयत्तेंत, काय शिकलें, हें त्यावर असतें; गांवच्या शिक्षकानें तें पाहून त्यास योग्य वर्गांत बसवावें, ही सोय. कागद ट्रकांत भिजूं नयेत म्हणून आयांनीं ते पिठाच्या डब्यांत घातले. मी गांवोगांवच्या मुख्याध्यापकांस पत्रें टाकलीं. आषाढांत दोघांचीं उत्तरें आलीं. त्या मुलीचें नांव पांचवीच्या पटावर चढलें आहे. तिचा बाप यंदा दुसऱ्या भट्टीची उचल घेऊन चुकला आहे, असेंही त्याच पत्रांत आहे. ती भट्टी कोणत्या रस्त्यावर, एवढें मीं उलट टपालीं विचारलें आहे.